सातवा नव्हे, नववा

मागच्या आठवड्यात तपासायला एक जीवनपट आला होता. हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याचा, दोन पानी, तारीखवार. हस्तलिखितांच्या स्कॅनवरून केलेलं मराठी भाषांतर. दुसऱ्या पानावर या दोन ओळी लागोपाठ होत्या:

३ जुलै १७७९ : कोमान्चे सरदार कुएर्नो बेर्दे लढाईत ठार.
१५ ऑगस्ट १७७९ : आन्सा फौजेसह सांता फेहून मोहिमेवर निघाला.

कोमान्चे ही उत्तर अमेरिकेतली मूळनिवासी जमात, मोहीम त्यांच्यावरच होती. म्हणजे फौज निघायच्या ४३ दिवस आधीच सरदार मेला. तक्ता एक्सेलमध्ये तारखेनुसार लावलेला होता, त्यामुळे दिसायला सगळं जागच्या जागी. ओळी वाचल्याशिवाय कुणाला खटकणार नाही.

स्कॅन उघडला. महिन्याच्या जागी ७चा आकडा आणि त्याला चिकटून वर उचललेलं 'ब्रे'. हा जुलै नाही, सप्टेंबर आहे. स्पॅनिशमध्ये सात म्हणजे 'सिएते' आणि महिना 'सेप्तिएम्ब्रे'. कारकून पहिल्या भागाऐवजी आकडा टाकून मोकळे होत. ८ब्रे म्हणजे ऑक्टोबर, ९ब्रे म्हणजे नोव्हेंबर. ही नावं पडली तेव्हा रोमन वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून नावातला आकडा आपल्या महिन्याच्या आकड्याहून दोनाने मागे. जुलै अक्षरांत लिहितात, त्याला आकडा लागत नाही. मोडी कागदांवर ज्यांनी हात बसवलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. 'समानीन मया व अलफ' हे अरबी अंकशब्द वाचून ११८० हा सुहूर सन काढायचा आणि इसवी सनासाठी त्यात ५९९ मिळवायचे की ६००, हे तारीख मृग नक्षत्राच्या आधीची की नंतरची ते बघून ठरवायचं. तिथे तरी निदान शंका येते. ७ब्रे दिसलं की डोळा सरळ सातव्या महिन्यावर जातो.

तारीख सुधारली तरी तेवढ्यावर भागत नाही, ती वाटचालीत बसते का हे बघावं लागतं. आन्सा तेव्हा न्यू मेक्सिकोचा गव्हर्नर होता. सैनिक, गावकरी आणि प्वेब्लो इंडियन मिळून सुमारे ६०० माणसं घेऊन तो निघाला, वाटेत यूट आणि अपाचे या जमातींचे मिळून २०० जण येऊन मिळाले. आधीच्या फौजा डोंगरांच्या पूर्वेकडून जात आणि मैदानावरून कोमान्चेंना लांबूनच दिसत. आन्साने पश्चिमेची वाट धरली. रिओ ग्रांदेच्या वरच्या अंगाला, सान लुइस खोऱ्यातून, धूळ दिसू नये म्हणून रात्री चालत, आणि मग डोंगर ओलांडून उत्तरेकडून मैदानात उतरला. ३१ ऑगस्टला त्याने कोमान्चेंच्या तळावर छापा घातला. सरदार तिथे नव्हता, तो न्यू मेक्सिकोवरच धाडीला गेला होता. कैद्यांकडून हे कळताच आन्सा दक्षिणेला वळला, आर्कान्सा नदी ओलांडली आणि सरदाराच्या परतीच्या वाटेवर त्याला गाठलं. ३ सप्टेंबर, निघाल्यापासून एकोणीस दिवस. बसलं.

रोजच्या मजला पडताळतानाही एक काटा रुतला. अंतरं लेग्वा या जुन्या स्पॅनिश मापात आहेत आणि एक लेग्वा ५००० 'वारां'चा. भाषांतरात 'वार' असंच उतरलेलं, आणि मराठी वाचक वार म्हणजे यार्ड समजणार. स्पॅनिश 'वारा' साधारण ८३.८ सेंटिमीटरचा, आपला वार ९१.४४चा. लेग्वा ४.१९ किलोमीटरऐवजी ४.५७ होतो, दहा लेग्वांच्या मजलेत जवळपास चार किलोमीटर जास्त. माझं मत असं की 'लेग्वा' तसाच ठेवावा आणि कंसात किलोमीटर द्यावेत. 'कोस' तर मुळीच नको, कोसाची लांबी आपल्याकडेच प्रांतागणिक वेगळी.

एवढ्यानंतर पहिलं पान पुन्हा काढलं. तिथे १७३६मध्ये आन्सा 'आरिसोना'जवळ सापडलेल्या चांदीच्या गोळ्यांचा कायदेशीर निवाडा करताना दिसतो, म्हणजे जन्माच्याच वर्षी! ते काम वडिलांचं. नाव तंतोतंत तेच, हुद्दाही कॅप्टनचा, १७४०मध्ये अपाचेंच्या हातून मेले. कॅटलॉगमध्ये बाप-लेक एक झालेले सर्रास सापडतात.

मग १७७४ आणि १७७५. पहिल्या ओळीत कॅलिफोर्नियापर्यंतची खुष्कीची वाट काढल्याबद्दल लेफ्टनंट कर्नल, पुढच्या ओळीत 'तुबाक ठाण्याचा कॅप्टन'. शेजारी भाषांतरकाराचा शेरा: 'पदावनती?' तसं काही नाही. स्पॅनिश सैन्यात 'ग्रादो' म्हणजे मानाचा दर्जा आणि 'एम्प्लेओ' म्हणजे प्रत्यक्ष जागा. दर्जा वाढला, जागा तीच राहिली. सेवापुस्तकात दोन्ही एकाच ओळीत येतात, म्हणून मराठी तक्त्यात दोन रकाने हवेतच.

खरी धास्ती वाटली ती १७७६च्या ओळीने: '१७ जुलै १७७६ : सान फ्रान्सिस्कोचा प्रेसिडिओ स्थापन, आन्साच्या हस्ते.' प्रेसिडिओ म्हणजे लष्करी ठाणं. २३ ऑक्टोबर १७७५ला तुबाकहून सुमारे २४० माणसं घेऊन आन्सा निघाला, १० मार्चला मोंतेरेला पोचला आणि २८ मार्चला त्याने जागा हेरली. आजच्या गोल्डन गेट पुलाच्या दक्षिण टोकाचा कडा, बे एरियातले मराठी लोक रविवारी जिथे फिरायला जातात तोच भाग. मग तो परत फिरला. वसाहतीची माणसं त्याच्या हाताखालच्या लेफ्टनंट मोरागाने आणली आणि ती २७ जूनला पोचली. त्यामुळे १७ जुलै अगदी पटण्यासारखा वाटतो, पोचल्यावर तीन आठवड्यांनी स्थापना. स्कॅनमध्ये मात्र इथेही ७ब्रेच. स्थापना १७ सप्टेंबरची आणि मोरागाच्या हातची. कुएर्नो बेर्देची चूक क्रमच उलटा करते म्हणून पकडली जाते. ही चूक क्रमात नीट बसते, म्हणून छापली जाते.

त्यामुळे आता क्रम जुळला तरी थांबत नाही. आकडा असलेला प्रत्येक महिना स्कॅनवर जाऊन बघते. उलट बाजूही तपासली: कोलोराडो नदीवरच्या यूमा जमातीने स्पॅनिश वसाहती उद्ध्वस्त केल्या तो जुलै १७८१, आणि तिथे 'हूलिओ' पूर्ण अक्षरांत होतं. तो जुलै खरा. त्या उठावाचा ठपका आन्सावर आला, कारण यूमांच्या मैत्रीबद्दल त्याने फार भरवशाचे अहवाल पाठवले होते. फेब्रुवारी १७८६मध्ये एकुएराकापा या कोमान्चे सरदाराशी झालेला तह हे त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत टिकाऊ काम, आणि त्याला तक्त्यात जेमतेम अर्धी ओळ होती. ती वाढवून घेतली.

शेवटची ओळ मृत्यूची, आरिस्पे गावी, '१९ ऑक्टोबर १७८८'. स्कॅनमध्ये रोमन दहाचा फुलीसारखा अंक आणि पुढे 'ब्रे'. दहावा महिना म्हणून ऑक्टोबर. 'दिएस' म्हणजे दहा, महिना 'दिसिएम्ब्रे'. १९ डिसेंबर केलं, वय ५२ तेच राहिलं, आणि फाइल परत पाठवली.