चौथ्या आणि पाचव्या बँडमधली वीस मिनिटं

सकाळी नऊला ट्रक उघडले तेव्हा हातात आलेल्या, बँडांचा क्रम लिहिलेल्या कागदावर पाचव्या ओळीत खाडाखोड होती. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं एक अँफिथिएटर. पुढे छताखाली खुर्च्या, मागे गवताचा उतार, स्टेजला लागून उभं राहायची जागा. मेटलच्या फिरत्या फेस्टिव्हलचे आठ बँड, स्टेज एकच, रात्री अकराला आवाज बंद. चौथा बँड डेथकोर, सहावा थ्रॅश, दोन्ही मेटलचे वेगवान प्रकार. त्यांच्या मधल्या जागेवर मुळात आणखी एक वेगवान बँड होता, पण गायकाचा घसा गेल्यामुळे त्याने टूरच्या दहा दिवस आधी माघार घेतली. त्याच एजंटकडे युरोपातला तिघांचा डूम, म्हणजे अतिसंथ आणि जड मेटल वाजवणारा बँड होता, व्हिसा झालेला होता, माणसं देशात पोचलेली होती. त्यांचं नाव घातलं गेलं. आमच्यासोबतचा हा त्यांचा पहिलाच दिवस.

विजोड बँडांची मोट बांधली जाते ती बहुतेक वेळा याच कारणांनी. कुणीतरी गळतं, एजंटकडे दुसरं कुणीतरी मोकळं असतं, किंवा मोठ्या बँडसोबत त्याच एजंटचा धाकटा बँड घ्यावा लागतो. १९९१मध्ये अमेरिकेत ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ टूर झाली. स्लेअर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स या तीन थ्रॅश बँडांच्या आधी अ‍ॅलिस इन चेन्स वाजवायचे. ती जागा आधी डेथ एंजलची होती, पण त्यांच्या बसला अपघात झाला. अ‍ॅलिस इन चेन्सचं संगीत संथ, जड आणि खिन्न. थ्रॅशसाठी आलेल्या गर्दीने त्यांच्यावर वस्तूंचा मारा केला. तरी ते सेट पूर्ण करत राहिले. हा किस्सा सांगताना सगळे गर्दीबद्दल बोलतात. माझं काम स्टेज मॅनेजरचं, त्यामुळे मला विजोडपणा आधी दिसतो तो पॅच शीटवर (कुठला माइक कुठल्या चॅनेलला, याची यादी), विजेच्या पेटीवर आणि घड्याळात.

चौथ्या बँडची शीट लांबलचक होती, २८ चॅनेल, तरी काम सोपं. गिटार आणि बास थेट मॉडेलरमधून (अ‍ॅम्पच्या आवाजाची नक्कल करणारं डिजिटल यंत्र), स्टेजवर एकही अ‍ॅम्प नाही. पाचही जणांच्या कानात इन-इअर, म्हणजे स्वतःचा आवाज ऐकायचे इअरफोन. क्लिक (तालाची टिकटिक) आणि बॅकिंग ट्रॅक लॅपटॉपवर. मॉनिटरची स्वतःची रॅक, ती चाकांवर येते, दोन मल्टिपिन केबल लावल्या की झालं. ड्रम रायझरवर, म्हणजे सरकत्या चौथऱ्यावर आधीच रचलेले. लाइन चेक, म्हणजे प्रत्येक चॅनेलला आवाज येतो का ते बघणं, सहा मिनिटांत आटोपतो.

डूम बँडची शीट १४ चॅनेलची. ती बघून ‘हे तर अर्ध्या वेळात होईल’ असं वाटणं अगदी साहजिक आहे, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. चॅनेलची संख्या मिक्सिंगचं काम सांगते, स्टेजवरचं ओझं सांगत नाही. गिटारला दोन व्हॉल्व्ह हेड (स्पीकर नसलेले अ‍ॅम्प) आणि चार ४×१२ कॅबिनेट (प्रत्येकीत चार १२ इंची स्पीकर). बासला दोन हेड, एक ८×१०, एक २×१५. एकटं ८×१०च साठ किलोच्या वर भरतं. २६ इंची किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. इन-इअर कुणालाच नकोत, म्हणजे सहा वेज (वादकांसमोर ठेवायचे मॉनिटर स्पीकर) बाहेर काढून लावणं आलं. आधीच्या चारही बँडांना एकही वेज लागलेला नव्हता. आणि चारही हेड २३० व्होल्टची. मॉडेलर कुठल्याही देशात चालतो, कारण त्याचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्ट स्वतः सांभाळतो. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला अमेरिकेत १२० व्होल्टवरून २३० करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यांनी भाड्याने घेतलेले दोन होते, प्रत्येकी २,००० व्हीए.

सव्वाचारला चौथा बँड उतरला. पाचव्याची सुरुवात ४:३५ला. जड कॅबिनेट आम्ही दुपारीच दोन रोलिंग रायझरवर चढवून बाजूला उभी केली होती, त्यामुळे ती दीड मिनिटात जागेवर गेली. वेज लागले, माइक लागले. ४:२६ला गिटारिस्टने दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच पॉवर स्ट्रिपमध्ये लावले आणि स्ट्रिपचं बटण दाबलं. ब्रेकर पडला.

वीस अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला २,४०० वॉट मिळतात आणि चार हेड मिळून सतत तितकी वीज ओढत नाहीत, मग ब्रेकर का पडावा? कारण हेड सुरूच झाली नव्हती. ट्रान्सफॉर्मरला पहिल्यांदा वीज मिळते त्या क्षणी त्याचा गाभा संपृक्त होऊन क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह आत घुसतो. मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरमध्ये हे जास्तच. दोन एकदम सुरू केले तर साधा ब्रेकर तो धक्का सहन करत नाही. कुणीतरी ब्रेकर वर केला, तो पुन्हा पडला. मग रीतीने केलं: चारही हेड बंद, दोन ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या सर्किटवर, आधी एक, पाच सेकंदांनी दुसरा, मग एकेक हेड स्टँडबायवर. व्हॉल्व्ह तापायला अर्धं-एक मिनिट द्यावंच लागतं, घाई करून उपयोग नाही. यात बारा मिनिटं गेली आणि लाइन चेकसाठी जेमतेम तीन मिळाली. तीन मिनिटांत माइकला आवाज येतो का एवढंच बघता येतं, तो पुढे नीट पोचतो का हे नाही.

४:४१ला त्यांनी सुरुवात केली. पहिली तीन मिनिटं नुसता गिटारचा फीडबॅक आणि बास. मग ड्रम आले, ५२ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ५२ ठोक्यांच्या संथ चालीत. मी स्टेजच्या डाव्या बाजूला होतो आणि मला सगळं उत्तम वाटत होतं. २६ इंची किक पायाखालच्या फळ्यांमधून अंगात येत होती. ड्रमरच्या वेजमध्येही ती भरपूर होती, कारण मॉनिटरचं कन्सोल वेगळं असतं. हेडसेटवर फ्रंट ऑफ हाउसचा, म्हणजे प्रेक्षकांसाठी आवाज मिसळणारा इंजिनिअर म्हणाला, “स्टेजवर किक आहे ना?” मी म्हटलं, “जोरात आहे.” तो म्हणाला, “इथे नाहीये.”

त्याच्या कन्सोलवर चॅनेल एकचा मीटर प्रत्येक ठोक्याला नाचत होता. माइक ठीक, केबल ठीक, फेडर वर. आणि पीएमध्ये, म्हणजे प्रेक्षकांकडच्या स्पीकरमध्ये किक नाही. शेजारचा गेटचा लाल दिवा, म्हणजे गेट बंद असल्याची खूण, मात्र एकदाही विझत नव्हता. ड्रमच्या माइकवर गेट लावतात ते आजूबाजूचा आवाज आत येऊ नये म्हणून. ठोका पडला की दार उघडतं, संपला की बंद. डेथकोर बँडच्या किकला ट्रिगर होता, म्हणजे ड्रमच्या कडीला अडकवलेला एक छोटा सेन्सर. गेटने केव्हा उघडायचं हे किकच्या माइकने नव्हे, तर चॅनेल तीनवरच्या या ट्रिगरने ठरवायचं, अशी जोडणी केलेली. डूम बँडसोबत स्वतःचा इंजिनिअर नव्हता, कन्सोलच्या तयार सेटिंगची शो फाइल नव्हती, नुसती इनपुट लिस्ट होती. त्यांचा सीन, म्हणजे कन्सोलमध्ये साठवलेली एका बँडची सेटिंग, कोऱ्या बेस सीनवरून करायला हवा होता. तो आधीच्या बँडच्या सीनची नक्कल काढून, नावं बदलून केला गेला. नावं बदलली, जोडणी तशीच राहिली. ट्रिगर तर त्या ड्रमरसोबत केव्हाच ट्रकमध्ये गेलेला. दार उघडणारंच कुणी नव्हतं.

वेगवान बँड असता तर ही चूक दोन सेकंदांत पकडली गेली असती. इथे एका ठोक्यानंतर दुसऱ्याची वाट बघावी लागत होती, बासचा गडगडाट ती जागा भरत होता, आणि बँडची चालच अशी असेल असंही क्षणभर वाटून जातं. दीड-दोन मिनिटं गेली. गेट बायपास केल्याबरोबर गवतावरच्या लोकांनीही माना वर केल्या.

पाठोपाठ दुसरी गोष्ट सापडली, तीही त्याच नकलेतली. गिटारच्या चॅनेलवर ११० हर्ट्झला हाय-पास फिल्टर होता, त्याखालचा आवाज कापणारा. डेथकोरमध्ये तो योग्यच. त्या बँडची चाल २४० बीपीएमपर्यंत जाते. सोळाव्या भागाची डबल किक म्हणजे सेकंदाला १६ ठोके, दोन ठोक्यांत साडेबासष्ट मिलिसेकंद. छताखाली खालचा आवाज त्याहून जास्त रेंगाळतो, म्हणून गिटारचा तळ कापायचा, किकची शेपटी आखूड करायची आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमधली ‘टक’ पुढे आणायची. तसं केलं नाही तर सगळा चिखल होतो. पण डूमची गिटार ए-पर्यंत उतरवलेली होती आणि तिच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा मूळ सूर ५५ हर्ट्झ. तो फिल्टरखाली पूर्ण एक सप्तक बुडालेला. त्या संगीतात सूर रेंगाळणं हाच ऐवज आहे, आणि पाचव्या बँडने येताना सबवूफरला नेमकं उलट काम लावलं होतं. फिल्टर ४० हर्ट्झवर आणल्यावर छाती दाबणारं ते वजन आलं. मी इतकी वर्षं हे काम करतोय, तरी तो क्षण मला आवडतो.

उरलं घड्याळ. सेट ३५ मिनिटांचा, तीन गाणी: १२, ९ आणि १३ मिनिटांची. संपायची वेळ ५:१०, ती हलत नाही. सहा मिनिटं उशीर झाला तर वेगवान बँड तीन-तीन मिनिटांची दोन गाणी गाळतो आणि सेट शाबूत राहतो. यांच्याकडे गाळायला छोटं काही नव्हतंच. पहिल्या गाण्याच्या शेवटी मी ड्रमरला पाटीवर ‘१७’ लिहून दाखवलं. त्याने मान हलवली, मधलं गाणं सोडलं आणि ते ५:०७ला थांबले. एका रिफची चूक नाही, चेहऱ्यावर चीड नाही. सेटचा पाव भाग आमच्या तयारीमुळे गेला होता, आणि तरी खाली उतरल्यावर त्याने आधी विचारलं की आता वेज कुठे ठेवायचेत.

गर्दीचं सांगायचं तर बॅरिकेडजवळचे लोक शेवटच्या बँडसाठी दुपारपासून जागा धरून होते. त्यांनी हात बांधून घेतले, काहींनी पाठ फिरवली, एक-दोन पाण्याचे कप आले. मधला पिट, म्हणजे लोक धक्काबुक्की करत नाचतात ती जागा, पार रिकामा झाला. लोक टी-शर्ट आणि बिअरच्या रांगेत गेले. उतारावरचे बरेच जण उलट उठून पुढे आले. ऊन तिरपं स्टेजवर पडत होतं, त्यात धूर आणि लाइट दोन्ही वाया. या संगीताला अंधार हवा.

पण विजोडपणाचा खरा फटका पुढच्या बँडच्या पहिल्या मिनिटाला बसतो, आणि पोस्टर बनवणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही. ३५ मिनिटं विश्रांती घेतलेली गर्दी थ्रॅशचा पहिला रिफ ऐकताच रांगांमधून एकदम धावत आली. वेग हळूहळू चढत जातो तेव्हा पिटही हळूहळू तयार होतो, लोक आपापली जागा शोधतात, अशक्त माणसं कडेला सरकतात. इथे तो झटक्यात झाला. बॅरिकेडवर पहिल्या दोन गाण्यांत इतके क्राउड सर्फर (गर्दीच्या हातांवरून पुढे सरकत येणारे) आले की सिक्युरिटीच्या माणसांना पाणी वाटणं थांबवून फक्त लोक उचलावे लागले. आधीच्या सेटला शांतता होती म्हणून त्यांच्यातली निम्मी माणसं जेवायला गेली होती. सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्या दिवसापासून संथ बँडच्या शेवटच्या पाच मिनिटांत सगळी सिक्युरिटी जागेवर हवी, असं मी रोजच्या शीटवर लिहितो.

रात्री बसमध्ये प्रॉडक्शन मॅनेजरशी बोलणं झालं. मी दोन पर्याय ठेवले: अंधार पडल्यावर, शेवटून दुसऱ्या जागी, किंवा अगदी पहिला. शेवटून दुसरी जागा करारात अडकलेली. पहिली जागा द्यायला तो कचरत होता, बँडला अपमान वाटेल म्हणून. मला तसं वाटत नाही. पहिल्या बँडला चेंजओव्हर, म्हणजे आधीच्या बँडशी सामानाची अदलाबदल, नसतो, स्टेज सकाळपासून त्याचं असतं, खरा साउंडचेक मिळतो, आणि अ‍ॅम्प दारं उघडण्याआधीच तापलेले असतात. गर्दी कमी असते हे खरं, पण दीड वाजता येणारे लोक मुद्दाम त्या बँडसाठी येतात. बँडला विचारलं तर तिघांनी लगेच हो म्हटलं.

दोन दिवसांनी पुढच्या शहरात अकराच्या सुमारास पहिला ट्रान्सफॉर्मर सुरू केला, पाच सेकंदांनी दुसरा. सीन बेसवरून नवा बांधलेला, किकवर गेट नाही, गिटारचा फिल्टर ४०ला. पाऊण तास साउंडचेक झाला. सेट ३५ मिनिटांचाच ठेवला होता. १:३०ला सुरू झाला, तिन्ही गाणी झाली, आणि २:०५ला घोषणा करायला मी स्टेजवर गेलो तेव्हा शेवटचा सूर अजून छताखाली होता. तो विरेपर्यंत थांबलो.