दोन दिवसांची झड

ऑगस्टमध्ये माझ्या पुण्याच्या नणंदेने घरच्या ग्रुपवर एक भलीमोठी यादी पाठवली. पावसाळ्यात मुलांना घरात कसं गुंतवून ठेवायचं, याची. मॉलमधले खेळ, कपकेक सजवणं, कागदी मुखवटे, असं बरंच काही. मी ती वाचत होते तेव्हा आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. मी अंगठा पाठवला आणि मिरच्या उलटायला गेले.

पावसात काय करायचं हा प्रश्न सोलापूरच्या पोरांना पडतच नाही. प्रश्न सुचेपर्यंत पाऊस गेलेला असतो. समुद्राकडून निघालेले ढग घाटावर रिते होतात आणि इथवर येते ती त्यांची सावली. भूगोलाच्या पुस्तकात याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. धाकट्याला ते नाव फार आवडतं, त्याला वाटतं आपल्याकडे काहीतरी जास्त आहे. जिल्ह्याची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरची पाच हजारांच्या वर. थोरलीने लगेच भागाकार केला. "म्हणजे त्यांना एका वर्षात आपली दहा वर्षं?"

जुलैत एकदा भैय्या चौकात सर आली, म्हणून आम्ही तिघं डॉ. कोटणीसांच्या स्मारकात शिरलो. इथल्या घरातून निघालेला हा माणूस १९३८ साली डॉक्टर म्हणून चीनच्या युद्धात गेला आणि १९४२ मध्ये, जेमतेम बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच वारला. हे मी सांगेपर्यंत बाहेर लख्ख उजाडलं. पोरं म्हणाली, "पाऊस थांबला, चल की." मी हट्टाने सगळे फोटो दाखवले. पावसाच्या भरवशावर सोलापुरात काही बघायचं ठरवलं तर अर्धंच बघून होतं.

नळदुर्गचंही तसंच. हैदराबाद रस्त्याने पन्नासेक किलोमीटर. किल्ल्यात बोरी नदीला बांध घातलाय, बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. नदी भरून वाहायला लागली की वरून दोन धबधबे पडतात, नर आणि मादी. कुणीतरी "सुरू झालेत" म्हणालं, आम्ही डबे बांधून गेलो. भिंत कोरडी. पोरांनी तिथल्या पायऱ्यांवर चिवडा खाल्ला आणि "धबधबा इथून पडतो" एवढं बोट दाखवून परत आलो.

आमचा खरा पाऊस सप्टेंबरचा, परतीचा. या वर्षी तो एका शनिवारी पहाटे आला आणि चक्क राहिला. रिक्षावाले काका आले नाहीत, म्हणजे शाळा बुडाली. दहा वाजता दिवे लावावे लागले. वरच्या मजल्यावरची दोघं भावंडं आमच्याकडे आली, त्यांच्या घरात तेलुगू. शेजारची मुलगी आली, तिच्या घरात कन्नड. पाच लेकरं आणि दोन खोल्या. मी फोन काढून नणंदेची यादी शोधायला लागले, तेवढ्यात सासूबाईंनी खाटेवरची चादर ओढली.

सोलापुरी चादर ज्यांनी पांघरली आहे त्यांना तिचं वजन ठाऊक आहे. ती दोन खुर्च्या आणि शिलाई मशीन यांवर टाकली की तंबू होतो, आणि वाऱ्याने हलत नाही. आमची जुनी आहे, लाल-पांढरी, मोराची. एका बाजूने लालात पांढरा मोर, दुसऱ्या बाजूने पांढऱ्यात लाल. आत शिरलेल्या पोरांना आतला मोर वेगळा दिसला आणि बाहेरच्यांना वेगळा, त्यावरून अर्धा तास भांडण झालं. चादर उलटून दाखवली तरी धाकटा म्हणाला, "दोन मोर आहेत बे, एकच कसा असेल?" सासूबाईंचे वडील गिरणीत होते. त्या गालात हसल्या, पण समजावलं काही नाही.

तंबूत बसून विजा मोजायचा खेळ निघाला. वीज चमकली की मोजायला लागायचं, गडगडलं की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीनेक सेकंद लागतात, म्हणून आकड्याला तीनने भागलं की वीज किती लांब पडली ते कळतं. थोरलीने मराठीत मोजलं. मग वरच्यांनी तेलुगूत, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. मग शेजारचीने कन्नडात, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आणि पुढे तिघांचं एकदम, "ऐदु, आरु!" पाच आणि सहा दोन्हीकडे सारखेच निघाले. इतकी वर्षं एका जिन्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पोरांना हे माहीत नव्हतं. (मलाही नव्हतं.) त्यानंतर विजेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आरुच्या पुढे कुठे फाटे फुटतात ते शोधणं सुरू झालं.

दुपारी कपकेक नाही, शेंगा चटणी. आमच्याकडे शेंगा म्हटलं की शेंगदाणेच, शेवग्याचा संबंध नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ, आणि खलबत्ता. तेल सुटेपर्यंत कुटायचं, एकाचा हात दुखला की दुसऱ्याने बसायचं. पाच लेकरांना दमवायला याहून चांगलं यंत्र मी पाहिलेलं नाही. मिक्सरची चटणी कोरडी होते असं सासूबाईंचं मत, मी वीस वर्षं त्याला विरोध करत आले होते. त्या दिवशी कडक भाकरीवर ती तेलकट, लालबुंद चटणी खाताना गप्प बसले. संध्याकाळी खडूने फरशीवर घरं आखून अष्टाचंगा. घासून दोन केलेले चिंचोके, चारही पांढरे पडले तर चंगा, चारही काळे पडले तर अष्टा. सासूबाई फसवतात हे सगळ्यांनी पकडलं.

पाऊस पडतच होता. खिडकीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "ज्वारीला झालं बघ." रब्बीची ज्वारी याच ओलीवर उभी राहते. माझ्या डोक्यात मात्र उद्याच्या पाण्याची चिंता होती. महापालिकेचं पाणी आमच्याकडे चार-पाच दिवसांनी येतं, आणि आतापर्यंत पाच लेकरांचे पाय धुऊन टाकी तळाला गेली होती.

झोपण्याआधी थोरलीने शीतपेयाची बाटली कापली, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवला. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भागापर्यंत आधी पाणी भरून तिथे शून्याची रेघ. वर कंपासपेटीतल्या पट्टीने मिलिमीटर. दोन विटांच्या मधे बाटली गच्चीत ठेवली. सकाळी बघितलं तर बत्तीस!

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गच्ची साधारण पंचावन्न चौरस मीटर. तिने पाटीवर गुणाकार मांडला, १,७६० लिटर. आमची टाकी हजारची. गुणाकार संपला तशी ती पाटी टाकून पळाली. पावणेदोन टाक्या पाणी रात्रभर पन्हळीतून गटारात गेलं होतं आणि अजून भुरभुर चालूच होती. मग घरातलं प्रत्येक भांडं बाहेर आलं: बादल्या, हंडा, कळशी, सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ, कुकर, आणि धाकट्याचा दप्तरातला डबा. पन्हळीखाली पाच जणांची रांग, भरलं की सरकवायचं. पोरं नखशिखांत भिजली. मी एकदाही "आत या" म्हटलं नाही.

साडेअकराला ऊन आलं. इतकं पाणी, जरा गढूळ, पिण्याचं नव्हे. सासूबाई म्हणाल्या, "चादर काढा." बोअरच्या पाण्यात साबण नुसता फाटतो, पावसाच्या पाण्यात एका वडीत फेस. पाच जणांनी तुडवून तुडवून चादर धुतली. पिळणं काही त्यांना जमेना, मीही हरले. तशीच निथळती गच्चीवरच्या दोरीवर टाकली, दोरी जवळजवळ जमिनीला टेकली.

मी खाली येऊन चहा टाकला. वर शांतता झाली म्हणून परत गेले. लखलखीत ऊन, गच्ची वाळत आलेली. पाचही जणं त्या चादरीखाली मांडी घालून बसली होती. वरून टपटप थेंब गळत होते. धाकट्याने कडेने डोकं बाहेर काढून सांगितलं, "आई, आत ये बे, इथं अजून चालू आहे."