गड्ड्याची सुट्टी

नव्या वर्षाचे कॅलेंडर हाती आले की आधी लाल आकडे मोजायचे आणि त्यांतले किती रविवारी वाया गेले ते पाहून हळहळायचे, ही सवय माझ्या एकट्याची खासच नाही. परवा दुपारी जेवण झाल्यावर मी तेच करीत होतो, तेव्हा ध्यानात आले की जानेवारीच्या पानावर माझी नजर सव्वीस तारखेपर्यंत पोहोचतच नाही. ती भोगीपाशीच घुटमळते. सोलापुरात, जिथे संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे आमचा ‘गड्डा’ भरतो, तिथे वाढलेल्या माणसाचे दुसरे काय होणार? शासनाची यादी काहीही म्हणो, अक्षतेच्या दिवशी शहरात कामाची अपेक्षा कोणी धरीत नाही, आणि त्या दुपारी बँकेत चेक घेऊन शिरणारा माणूस परगावचा समजावा.

भोगीच्या दुपारी संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचे लग्न लागते. सातही नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या, समोर उभे असतात, ते पेलणारे पांढऱ्या बाराबंदीत घामाघूम झालेले असतात, आणि संमतीतले, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांतले, ‘दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम’ कानी पडले की चहूकडून अक्षता उडतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्या नेमक्या त्यांच्या टोपीवर टाकीत असे. घरी आल्यावर स्वेटर झटकला की पिवळे तांदूळ फरशीवर सांडत आणि आई ते पायदळी येऊ नयेत म्हणून पुटपुटत वेचून घेई. हल्ली एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताने अक्षता टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. लग्नाला आलात की चित्रीकरणाला?

होम मैदानावरचे पाळणे, मौत का कुवा आणि भजी यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. ते सर्वांनी पाहिले आणि खाल्ले आहे. खरी गंमत संक्रांतीच्या रात्री, होम झाल्यावरच्या भाकणुकीत. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्ये, गूळ, खोबरे, विड्याची पाने असे बरेच काही मांडतात आणि ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते, मूत्र विसर्जन करते की नाही, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगितले जातात. आमचे आजोबा, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, एरवी कशावर विश्वास ठेवीत नसत, मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वासराने गुळाला तोंड लावल्याचे वाचले की आजीला म्हणत, “ऐकलं का, गूळ महागणार. एक ढेप आजच आणून ठेवू.” पुढे गूळ महाग झाला तर वासराचे कौतुक होई आणि स्वस्त झाला तर व्यापाऱ्यांना शिव्या बसत, वासरू काही चुकत नसे. फेब्रुवारीत अर्थसंकल्पावर टीव्हीवर चालणारी चर्चा ऐकताना मला हटकून ते वासरू आठवते. निदान ते आपले भाकीत अर्ध्या मिनिटात उरकते.

या सगळ्या धामधुमीत १२ जानेवारी येते. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, काही दिवस शहरात इंग्रजांची सत्ता उरली नाही आणि त्याची शिक्षा म्हणून मार्शल लॉ पुकारला गेला. पोलिसांच्या हत्येच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या चौघांच्या स्मारकापाशी, चार पुतळ्यापाशी, त्या दिवशी हार चढतात, भाषणे होतात, आणि तिथून निघालेली माणसे वेळेवर कामाला लागतात. या दिवसाची सुट्टी नसते. ती नसावी असेच माझे मत आहे. सव्वीस जानेवारीची दुपार आपण सगळे कशी घालवतो, हे मला चांगले माहीत आहे.