तपकिरी पिठ्या

पाठीवर पंप चढवूनच काका बांधावर उभे होते. "साहेब, तुम्ही फक्त औषधाचं नाव सांगा." कडेच्या तासांतली कपाशी पिठ्या ढेकणानं पांढरी पडली होती. शेंडे आखडलेले, पानांवर चिकटा, त्यावर मुंग्यांची वर्दळ. बांधावरचं गाजर गवतही तसंच माखलेलं. माझ्यासारख्या कृषी सहायकाला हे रोजचंच.

एका फांदीवर मात्र पांढऱ्या किड्यांत काही तपकिरी, टणक, फुगीर दाणे दिसले. भिंग लावलं. काहींना गोल भोकं पडलेली, काही अजून बंद. काकांनी भिंग घेतलं आणि एकदम म्हणाले, "अहो, हे हलतंय!" बंद दाण्याचं टोक आतून कुरतडून एक काळी माशी बाहेर येत होती.

ती एनासिअस. जेमतेम दोन मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी, डोक्यावर अंगुस्तानासारखे खळगे. मादी पिठ्याच्या अंगात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि वरची साल कडक होऊन तपकिरी पडते.

पिठ्या मूळचा उत्तर अमेरिकेतला, १८९८ मध्ये न्यू मेक्सिकोतून नोंदवलेला. आपल्या कपाशीवर त्यानं २००६ च्या सुमारास धुमाकूळ घातला. या माशीला कुणी मुद्दाम आणून सोडलं नाही, तीच आली. २००९ मध्ये कीटकशास्त्रज्ञ मोहम्मद हयात यांनी नवी जात समजून तिला एनासिअस बंबावालेई म्हटलं. पुढे ती अमेरिकेतली जुनीच जात, एनासिअस अ‍ॅरिझोनेन्सिस, निघाली. कीटकनाशकांच्या जाहिरातींनी गावोगावच्या भिंती रंगतात, हिचं चित्र मी एकाही भिंतीवर पाहिलेलं नाही.

"म्हणजे आज फवारलं तर हीच मरणार?" काकांनी पंप खाली ठेवला.

आम्ही वाटतो त्या पत्रकात लागण झालेली झाडं उपटून जाळा, असं असतं. सरसकट तसं केलं तर या माश्याही जळतात. म्हणून तपकिरी दाण्यांच्या फांद्या कापून पांढऱ्या तासांत ठेवायला सांगितलं, फवारणी आठवडाभर थांबवली. त्यानंतरही पांढरं वाढलंच, तर तेवढ्याच झाडांवर मारायचं ठरलं.

फांद्या ठेवता ठेवता काका थबकले. "या मुंग्या तिला जवळ येऊ देतील का?"

नेमकं विचारलं त्यांनी. चिकट्यासाठी मुंग्या पिठ्याची राखण करतात, माशीला हुसकून लावतात. मग खुरपं घेऊन आम्ही दोघं बांधावर वारुळं शोधायला लागलो.