तुम्ही विचारलंत म्हणून: कुठल्या माणसाचं?

प्रयोगशाळेच्या फ्रीझरमधून प्रोटीनची ती चिमुकली कुपी काढली, की शेजारी उभं असलेलं कुणीतरी लेबल वाचतंच. 'रिकॉम्बिनंट (म्हणजे जनुक दुसऱ्या जीवात घालून बनवलेलं) ह्यूमन इंटरल्यूकिन-2, 10 मायक्रोग्रॅम.' पुढचा प्रश्न ठरलेला: "ह्यूमन म्हणजे माणसाचंच ना? मग कुठल्या माणसाचं?" पाहुणे विचारतात, नवे विद्यार्थी विचारतात. काही जण विचारता विचारता हात मागे घेतात.

पूर्वी मी "कुणाचंच नाही" म्हणून मोकळा व्हायचो. उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धवट होतं.

इंटरल्यूकिन-2 हे आपल्या टी-पेशींचं, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं, एकमेकींना दिलेलं फर्मान. टी-पेशीला तिचा शत्रू ओळखू आला की ती हे प्रोटीन बाहेर सोडते. ते स्वतःलाच आणि आजूबाजूच्या पेशींना सांगतं, 'वाढा.' 1976 साली अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत हे लक्षात आलं, तेव्हा त्याला साधं 'टी-पेशी वाढवणारा घटक' म्हणत. त्या काळी तुमच्या प्रश्नाला खरंच उत्तर होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, राजम्याच्या दाण्यात सापडणाऱ्या एका प्रोटीननं त्यांना डिवचायचं आणि त्या ज्या पाण्यात वाढल्या ते पाणी गाळून वापरायचं. कुणाचं? ज्यांनी रक्त दिलं त्यांचं, सगळ्यांचं मिसळून. त्या पाण्यात इतर पन्नास गोष्टीही असायच्या, त्यामुळे पेशी नेमक्या कशानं वाढल्या हे छातीठोकपणे सांगणं कठीणच.

मग 1983 साली जपानमध्ये तादात्सुगु तानिगुची यांच्या गटानं या प्रोटीनचं जनुक वेगळं काढून वाचलं. त्यासाठी वापरलेल्या पेशी 'जुर्काट' नावानं ओळखल्या जातात. त्या मुळात ल्युकेमिया झालेल्या एका 14 वर्षांच्या मुलाच्या रक्तातून आलेल्या; आजही जगभरच्या इनक्युबेटरमध्ये त्या वाढताहेत. म्हणजे आग्रहच असेल तर 'कुठल्या माणसाचं' याचं सगळ्यात जवळचं उत्तर तो मुलगा. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातली कुपी थोडा वेळ खाली ठेवली होती.

पण त्या मुलाचा एक कणही या कुपीत नाही. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनच्या माळेतले मणी; असे 133 मणी कुठल्या क्रमानं ओवायचे, एवढं त्या पेशींकडून कळलं. तो क्रम आता कुणीही संगणकातून उचलतो, जनुक रसायनांपासून बांधून घेतो, तेही इ. कोलाय या जीवाणूला वाचायला सोपं जाईल अशा बेतानं, आणि जीवाणूत सोडतो. जीवाणू बिचारा रात्रभर राबतो. त्याला हे परकं प्रोटीन नीट घडी घालून ठेवता येत नाही. तो त्याचे घट्ट गोळे करून पेशीच्या कोपऱ्यात ढकलतो. ते गोळे तीव्र रसायनात विरघळवायचे आणि रसायन हळूहळू काढून घेत प्रोटीनला आपली घडी स्वतः घालू द्यायची. इथे घाई केली तर हाती येतो पांढरा गाळ.

तरी ते हुबेहूब माणसाचं होतं का? अगदी नाही. आपली पेशी या साखळीतल्या तिसऱ्या अमिनो आम्लावर साखरेचा तुरा लावते, जीवाणूला ते जमत नाही. 125 क्रमांकावर सिस्टीन नावाचं एक एकटं अमिनो आम्ल असतं. ते चुकीच्या जोडीदाराशी गाठ मारून घडी बिघडवतं, म्हणून पुष्कळदा त्या जागी मुद्दाम सेरीन हे दुसरं अमिनो आम्ल बसवतात. टी-पेशीला या दोन्ही गोष्टींचा पत्ता लागत नाही. ती वाढायला लागते.

आणि खरं-खोटं ठरवतं कोण, तर उंदीर! या प्रोटीनची ताकद मोजायला वर्षानुवर्षं उंदराच्या टी-पेशींचा एक वाण वापरतात. इंटरल्यूकिन-2 मिळालं नाही तर त्या एक-दोन दिवसांत मरतात, इतक्या परावलंबी. माणसाचं प्रोटीन त्यांना चालतं. गंमत म्हणजे उंदराचं प्रोटीन मात्र माणसाच्या पेशींना फारसं मानवत नाही.

माझी फजिती इथलीच. नवा होतो. कुपीतलं प्रोटीन साध्या खारट बफरमध्ये विरघळवलं, मिलीलिटरला काही नॅनोग्रॅम इतकं पातळ केलं, प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये भरून फ्रिजमध्ये ठेवलं. आठवडाभरानं त्यातूनच पेशींना 'खाऊ' घातला. सोमवारी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर टपोऱ्या, चमकदार पेशींच्या जागी सुरकुतलेले काळपट ठिपके. कुपी पाठवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. आमच्या ज्येष्ठ सहकारी मॅडमनी एवढंच विचारलं, "अल्ब्युमिन घातलं होतंस?" नव्हतं घातलं. इतक्या पातळ द्रावणातलं प्रोटीन ट्यूबच्या भिंतीला चिकटून बसतं आणि तुम्ही पेशींना नुसतं खारट पाणी पाजत राहता. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन स्वस्त आणि मुबलक, ते आधीच भिंती अडवून ठेवतं. म्हणून काही कुप्यांत ते तयारच घातलेलं असतं, मूळ प्रोटीनच्या पन्नासपटसुद्धा. बहुतेकदा ते गाईच्या रक्तातलं. तेव्हा कुपीच्या तळाशी जी पांढुरकी साय दिसते ना, ती बव्हंशी गाईची. माणसाचं जे आहे ते डोळ्यांना दिसतच नाही.

दिसत नसलं तरी कमी समजू नका. 10 मायक्रोग्रॅममध्ये त्याचे सुमारे चार कोटी गुणिले एक कोटी रेणू असतात आणि मिलीलिटरला एक नॅनोग्रॅम या हिशेबानं तेवढ्यात दहा लिटर द्रावण होतं.

मला काळजी असते ती जीवाणूच्या उष्ट्याची. इ. कोलायच्या आवरणातलं एन्डोटॉक्सिन प्रोटीनबरोबर चोरपावलांनी येतं आणि रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी त्याच्या कणभरानंही खवळतात. मग आपण शोध लावला म्हणून आनंदतो आणि प्रत्यक्षात पेशी जीवाणूवर चिडलेल्या असतात. यावर एक जुनी, भाबडी वाटणारी पण भरवशाची युक्ती आहे: थोडं प्रोटीन उकळून तेही पेशींवर घालून बघायचं. उकळल्यावर प्रोटीन मोडतं, एन्डोटॉक्सिन तग धरतं. उकळलेल्यालाही पेशी तितक्याच खवळल्या तर निष्कर्ष फाडून टाकायचा. मी दोनदा फाडलेत.

लेबलवर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरू नये. एका विद्यार्थिनीनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "सर, माणसाचं, पण माणसाला नाही?" तसंच आहे. याच प्रोटीनचं औषधही आहे, ॲल्डेसल्यूकिन. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी अमेरिकेत 1992 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण ते वेगळ्या नियमांखाली, वेगळ्या शुद्धतेनं बनतं. ही कुपी पेशींपुरती.

आता जरा बाजूला व्हा, ही उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतो. प्रवासात पावडर झाकणाला जाऊन बसते, आणि झाकण उघडलं की गेली.