किप्सेलीतला गार रेडिएटर

एप्रिल 2025 मध्ये अथेन्सला दहा दिवस राहिलो. खोली घेतली होती किप्सेलीत. पाच-सहा मजली जुन्या इमारती, गॅलऱ्यांवर कापडी छपरं, आणि मधून जाणारा फोकिओनोस नेग्री हा झाडांच्या सावलीतला, फक्त पायी चालायचा रस्ता. घरमालकीण निवृत्त इंग्रजी शिक्षिका, त्यामुळे बोलणं अडलं नाही. शेजारी त्यांना 'किरिया' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'बाई'. मीही बाईच म्हणू लागलो.

खिडकीखाली लोखंडी रेडिएटर होता, त्यावर टॉवेल वाळत घातलेले. रात्री गारवा वाटला म्हणून चावी फिरवायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. 2012 पासून बंद आहे." तळघरातल्या एकाच बॉयलरवर सगळी इमारत उबदार व्हायची. त्या ऑक्टोबरात कर्जात बुडालेल्या ग्रीक सरकारनं घर तापवायच्या तेलावरचा कर वाढवून डिझेलच्या बरोबरीला नेला. इमारतीच्या सभेत तेलाची वर्गणी निम्म्या घरांना झेपेना. बॉयलर थांबला तो थांबलाच. त्या हिवाळ्यात लोकांनी हाती येईल ते लाकूड जाळलं, मोडकं फर्निचरसुद्धा, आणि शहरावर रात्री धुराचं मळभ धरू लागलं.

मी तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे ग्रीसच्या कर्जसंकटाचं हे प्रकरण मला आकड्यांतून माहीत होतं. सरकारची 2009 ची तूट आधी दडवलेली होती, खरा आकडा जीडीपीच्या 15 टक्क्यांवर निघाला. 2010 मध्ये युरोपीय आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक आणि नाणेनिधी या 'त्रोइका'शी, म्हणजे त्रिकुटाशी, 110 अब्ज युरोंच्या कर्जाचा करार झाला. पुढे आणखी दोन कर्जं झाली, आणि हप्ता सुटायचा तो कपातीची यादी मान्य केल्यावरच. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशानं आकसली, 2013 मध्ये बेकारी 27 टक्क्यांवर गेली. हिशेबात लबाडी झाली, उधळपट्टी झाली, हे बाईंनाही मान्य आहे. त्यांचा प्रश्न इतकाच की सह्या करणारे कोण होते आणि भरतंय कोण.

दुसऱ्या दिवशी ब्रिकीत, म्हणजे लांब दांड्याच्या पितळी भांड्यात, कॉफी उकळता उकळता त्यांनी एक फाइल समोर ठेवली. विजेची बिलं. 2011 मध्ये घरपट्टीसारखा एक नवा कर आला आणि तो विजेच्या बिलातच जोडला गेला. तो भरला नाही तर वीज तोडायची, असा नियम. वीज तोडणं घटनाबाह्य आहे असं पुढे न्यायालयानं ठरवलं. लोकांनी या कराला नाव दिलं 'खारात्सी', तुर्की अमलात ख्रिस्ती रयतेवर लादलेल्या कराचं नाव. जिझिया म्हटल्यावर आपल्याला जे कळतं, ते ग्रीकांना या शब्दात कळतं. बाईंनी वीज आणि कर वेगवेगळे करून पेन्सिलीनं बेरजा मांडल्या होत्या. कित्येक बिलांवर कराची रक्कम विजेपेक्षा मोठी होती. वर्षाला चौदा पेन्शनी मिळायच्या, सणाच्या आणि सुट्टीच्या धरून. 2013 पासून बारा. मुलगी डॉक्टर, ती जर्मनीला गेली.

जुलै 2015 मध्ये बँका तीन आठवडे बंद होत्या, एटीएममधून दिवसाला 60 युरो. त्याच काळात, 5 जुलैला, कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य आहेत का यावर सार्वमत झालं. 61 टक्के लोकांनी 'ओही', म्हणजे 'नाही', असं सांगितलं. बाईंचंही मत ओहीच. आठ दिवसांत सरकारनं नव्या कपातींना होकार दिला. त्यानंतर बाई मतदानाला गेलेल्या नाहीत. जून 2023 च्या निवडणुकीत देशात जेमतेम 53 टक्के मतदान झालं, ते वाचताना मला त्यांची ती फाइल आठवली.

शासनानं सोडलेली जागा लगेच भरते. 'ख्रिसी आव्गी', सोनेरी पहाट, या नवनाझी पक्षाला 2009 मध्ये अर्धा टक्काही मतं नव्हती. जून 2012 मध्ये जवळपास सात टक्के मतं आणि 18 खासदार. ग्रीक ओळखपत्र दाखवेल त्यालाच ते धान्य देत. त्याच वर्षांत स्वयंसेवी डॉक्टरांचे दवाखाने उघडले, तिथे कुणाला कागद विचारत नसत. दोन्ही रांगांत तीच गरज उभी होती. मी पिरेयस बंदराच्या पलीकडे केरात्सिनीलाही गेलो. 17-18 सप्टेंबर 2013 च्या रात्री तिथे पाव्लोस फिसास या रॅपरला त्या पक्षाच्या माणसानं भोसकलं. आज रस्त्याला पाव्लोसचं नाव आहे. 2020 मध्ये न्यायालयानं तो पक्ष गुन्हेगारी संघटनाच ठरवला.

निघायच्या आदल्या दिवशी बाई मला सिंतग्मा चौकात घेऊन गेल्या. एप्रिल 2012 मध्ये इथेच एका 77 वर्षांच्या निवृत्त औषधविक्रेत्यानं जीव दिला होता. कचऱ्यात अन्न शोधायची वेळ येण्याआधी जातो, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. वर संसदेसमोर, अनाम सैनिकाच्या समाधीपुढे, फरशीवर लाल रंगात नावं लिहिली होती, 57. 28 फेब्रुवारी 2023 ला तेंपी इथे दोन रेल्वेगाड्या समोरासमोर धडकल्या, त्यात गेलेल्यांची. स्टेशन मास्तरनं गाडी चुकीच्या रुळावर घातली, आणि बारा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. सिग्नल यंत्रणेचं कंत्राट 2014 मध्येच झालं होतं, काम मात्र त्या रात्रीपर्यंत पुरं झालेलं नव्हतं. मधल्या वर्षांत रेल्वेतली माणसं कमी केली गेली, प्रवासी गाड्यांची कंपनी 45 दशलक्ष युरोंना विकली गेली.

आजूबाजूला पर्यटक पहारेकऱ्यांची अदलाबदल टिपत होते. बाई एका नावाशी वाकल्या, अक्षरांवर पडलेलं बसचं तिकीट उचलून पिशवीत टाकलं, आणि आम्ही थांब्याकडे निघालो.