उलट्या तोंडाची वाद्यं

‘जुन्या अमेरिकन लष्करी बँडची तीच गाणी आजच्या ट्रंपेटवर वाजत नाहीत का? मग दीडशे वर्षांपूर्वीचं जुनं पितळ कशाला फुंकता?’ कार्यक्रम संपला की हा प्रश्न येतोच. पुण्याहून आलेल्या मामांनीही तोच विचारला. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

मी अमेरिकेतल्या साउथ डाकोटात राहतो आणि एका हौशी बँडमध्ये आल्टो सॅक्सहॉर्न, म्हणजे मधल्या पट्टीचं एक जुनं पितळी फुंकवाद्य वाजवतो. हे वाद्य खांद्यावर घ्यायचं. त्याचा कर्णा आपल्या पाठीमागे उघडतो, कारण बँड पलटणीच्या पुढे चालायचा आणि सूर मागच्या शिपायांपर्यंत पोचायला हवेत. आम्ही पहिल्यांदा सभागृहात वाजवलं तेव्हा सगळा आवाज मागच्या भिंतीवर आपटून लोकांपर्यंत गेला. तेव्हापासून मैदानात आम्ही श्रोत्यांकडे पाठ करून उभे राहतो.

नळीचाही मोठा फरक आहे. ट्रंपेटची नळी बरीचशी सारख्या जाडीची, म्हणून तिचा सूर टोकदार. सॅक्सहॉर्नची नळी हळूहळू रुंदावत जाते, त्यामुळे सूर गोल, मऊ येतो. आपल्याकडे वरातीत युफोनियम वाजतं ना, ते याच गोतावळ्यातलं. वरच्या सुरांत ई-फ्लॅट कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखं दिसणारं छोटं वाद्य, चाल धरतो आणि खाली आल्टोपासून बासपर्यंत सगळी भावंडं एकमेकांत मिसळतात. एकदा आम्ही तीच चाल आजच्या वाद्यांवर वाजवून पाहिली. ट्रंपेट सगळ्यांवर चढला आणि मधल्या आल्टोंचा ठेका कुठल्या कुठे हरवला. स्वर सगळे बरोबर होते, पण गाणं ते राहिलं नव्हतं.

ही गाणी लिहिणाऱ्यांत मला सगळ्यात जवळचे वाटतात ते फेलिक्स विनातिएरी. जन्म १८३४चा, इटलीतल्या तुरिनचा. १८७३मध्ये इथल्याच यँक्टन गावात अमेरिकन सेनाधिकारी कस्टरने त्यांना ऐकलं आणि आपल्या सेव्हन्थ कॅव्हलरी या घोडदळाच्या पलटणीचे बँडमास्टर केलं. पुढच्या वर्षी ब्लॅक हिल्स डोंगरांतल्या मोहिमेत त्यांचा बँड पांढऱ्या घोड्यांवर होता. १८७६मध्ये मात्र बँडला पावडर नदीच्या तळावर मागे ठेवलं आणि घोडे लढणाऱ्या शिपायांना दिले. म्हणून लिटल बिगहॉर्नच्या लढाईत मूलनिवासी योद्ध्यांनी कस्टर आणि त्याच्या तुकडीचा संहार केला, त्यातून वादक वाचले. विनातिएरींची हस्तलिखितं आज साउथ डाकोटातल्याच वर्मिलियनच्या नॅशनल म्युझिक म्युझियममध्ये आहेत.

पण या संगीतावर जीव आहे म्हणून त्याचा दुसरा इतिहास झाकणं मला जमत नाही. २७ नोव्हेंबर १८६८च्या पहाटे, आजच्या ओक्लाहोमातल्या वॉशिटा नदीकाठी शाएन या मूलनिवासी लोकांची वस्ती झोपेत असताना याच पलटणीने हल्ला केला. इशारा म्हणून बँडने ‘गॅरीओवेन’ ही पलटणीची आयरिश चाल सुरू केली. थंडी इतकी होती की थोड्याच सुरांत वादकांची थुंकी नळ्यांत गोठली आणि वाद्यं बंद पडली. शाएनांचे प्रमुख ब्लॅक केटल आणि त्यांची पत्नी त्या सकाळी मारले गेले.

गेल्या जानेवारीत न तापवलेल्या कोठारात आम्ही सराव करत होतो. माझी मधली कळ दाबली ती वर येईचना. वाद्य कोटात धरून ऊब देत बसलो. बोटाखालचं पितळ बर्फासारखं होतं आणि डोक्यात फक्त वॉशिटा.

‘गॅरीओवेन’ आम्ही अजून वाजवतो. आधी ब्लॅक केटल यांचं नाव घेतो, त्या पहाटेची हकिगत सांगतो. मग पहिल्या काही ओळी वाजवतो आणि मध्येच थांबून वाद्यं खाली घेतो.